उभा स्नायू

“मॅडम, डाव्या बाजूचा एक फोटो परत घ्यावा लागेल. तुम्ही हलला नाहीत हं, माझंच काहीतरी चुकलं,” मॅमोग्राफीचं मशीन चालवणारी बाई म्हणाली, आणि ‘माझंच चुकलं’ हे तिने इतक्या मऊ आवाजात म्हटलं की तिचं काही म्हणजे काही चुकलेलं नाही हे मला तिथल्या तिथे कळलं. मी मशीनला बिलगून उभी होते. पुढून उघडणारा निळा गाऊन एका खांद्यावरून उतरवलेला, हनुवटी वर, डावं स्तन दोन पारदर्शक पट्ट्यांमध्ये चेपलेलं. आयुष्यभर मी दुसऱ्यांच्या छातीला हात लावत आले, त्यांना कधी विचारावं लागलं नाही, कारण ते सगळे मेलेले होते. आज पहिल्यांदा माझी छाती टेबलावर आली होती आणि ती जिवंत असल्यामुळे तिला दुखत होतं. बाई काचेमागे गेली. तिथला संगणकाचा पडदा जरा तिरका होता. पेशंटला फोटो वाचता येत असेल हे तिच्या गावीही नसावं. मला सगळं दिसलं. आतल्या कडेला, मधल्या हाडाच्या बाजूला, छातीच्या भिंतीला चिकटून एक पांढरट सावली होती. शेंगदाण्याएवढी. धड गोल नाही, धड लांब नाही, कडा जरा विस्कटलेली. आईचा चेहरा, आईचे गळलेले केस, आईची उशी, सगळं एका झटक्यात आलं आणि गेलं. मग बाईने शेजारचा, तिरका घेतलेला फोटो उघडला. त्यात सावली नव्हती. तीच छाती, तीच बाजू, फक्त मशीन कललेलं, आणि सावली गायब. तेव्हा माझ्या डोक्यात एक शब्द आला, आणि खरं सांगायचं तर सावलीपेक्षा मी त्या शब्दालाच जास्त घाबरले.

स्टर्नॅलिस. हा शब्द मी तीस वर्षं फळ्यावर लिहीत आले आहे. छातीचा मोठा स्नायू सगळ्यांना असतो. तो आडवा, पंख्यासारखा खांद्याकडे जातो. पण शंभरातल्या चार-पाच माणसांना त्याच्या वर, थेट कातडीखाली, चरबीत लपलेला एक जास्तीचा स्नायू असतो. मधल्या हाडाच्या कडेने उभा, एखाद्या जुन्या पट्ट्यासारखा, गळ्याच्या बाजूने खाली बरगड्यांकडे उतरणारा. तो काय काम करतो हे कुणालाच नीट माहीत नाही. नसला तर कुणाचं अडत नाही, असला तर कुणाला कळत नाही. ज्याला असतो तो जन्मभर तो अंगावर वागवतो आणि बिनबोभाट मरतो. वरून खाली दाबून फोटो काढला आणि हा स्नायू नेमका पट्टीत सापडला, तर त्याचा तुकडा गाठीसारखा दिसतो. तिरक्या फोटोत तो येत नाही. हे मी मुलांना दरवर्षी सांगते, शेवटच्या बाकावरच्यांनासुद्धा जांभई आवरून लिहून घ्यायला लावते. “ह्याच्यावर सुऱ्या चालल्या आहेत,” मी म्हणते, “बायकांना काहीही झालेलं नसताना.” मी स्वतः हा स्नायू पाहिलाय तो हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच वेळा. दर वेळी छाती उघडताना मी त्याची वाट बघते. बहुतेक वेळा तो नसतो. आणि आता ज्या छातीकडे मी कधी त्या नजरेने पाहिलंच नव्हतं, तिच्या आत तो असावा असं मला वाटत होतं. वाटत होतं की वाटून घ्यायचं होतं? गाठ नको म्हणून मी स्नायू मागत होते का? भीतीने माणूस काय काय बघतो हे मला चांगलं ठाऊक आहे. आईच्या शेवटच्या दिवसांत मलाही तिच्या गालांवर रोज नवी लाली दिसायची.

बाहेर धाकटी बसली होती. धाकटी म्हणजे माझी बहीण. ती कपडे धुण्या-इस्त्रीचं दुकान चालवते आणि जगातल्या सगळ्या गोष्टींचे डाग, चुण्या आणि कडक इस्त्री ह्या तीन भागांत वर्गीकरण करते. तिनेच मला इथे ओढत आणलं होतं. ती दरवर्षी तपासून घेते. मी डॉक्टर असून दरवर्षी ‘पुढच्या महिन्यात नक्की’ म्हणत आले. “तुझं काय, तू मेलेल्यांची डॉक्टर,” ती म्हणते, “जिवंत माणसाचं तुला काय पडलंय.” तिने माझा चेहरा बघितला आणि पिशवीतली पाण्याची बाटली पुढे केली. मग थोड्या वेळाने, न राहवून, “काय गं ताई, परत का घेतला फोटो?” मी म्हटलं, “काहीतरी दिसतंय.” “काहीतरी म्हणजे?” “ते डॉक्टर ठरवतील. आता सोनोग्राफी करणार आहेत. थांबायला सांगितलंय.” धाकटीने डोळे मिटले. ती रडकी नाही. आईला आंघोळ घालायला तीच होती, जखमेवरची पट्टी तीच बदलायची. त्या सगळ्यात तिचे अश्रू बहुतेक वापरून झाले असावेत. तिने फक्त माझा हात धरला आणि अंगठ्याने माझ्या मनगटावरची चुणी सारखी करत राहिली. मला तिचा हात सोडवेना आणि तिच्याकडे बघवेना.

तेवढ्यात दार उघडलं आणि डॉक्टर बाहेर आली. मला बघून ती अर्धवट उठायला निघाल्यासारखी झाली, म्हणजे उभीच होती, तरीही. माझ्यासमोर बसलेल्या प्रत्येक मुलामुलीला ही सवय आहे. कितीही मोठे झाले, डोक्यावरचे केस गेले, नावापुढे चार अक्षरं लागली, तरी मी समोर आले की त्यांचे गुडघे आपोआप उभं राहायला बघतात. “मॅडम,” ती म्हणाली, “मला वाटलंच नव्हतं की तुम्ही...” आणि थांबली. मला तिचं खरं नाव आठवेना, टोपणनाव मात्र लख्ख आठवलं. तिला सगळे वादळ म्हणायचे. हिच्या हाताला भारी घाई. इतरांचं कातडं निघायला दुपार लागायची, ही जेवायच्या सुट्टीआधी मोकळी. एकदा तिच्या टेबलावर एका वयस्क माणसाची छाती होती. तो कोण होता हे आम्हाला माहीत नसतं, पण त्याचे हात मोठाले आणि खरखरीत होते आणि डाव्या करंगळीचं नख उगवायचं राहून गेलेलं होतं. हिने छातीवरचं कातडं एका दमात सोडवून पुस्तकाच्या पानासारखं बाजूला टाकलं आणि विजयी मुद्रेने माझ्याकडे पाहिलं. खाली छातीचा मोठा स्नायू अगदी चित्रातल्यासारखा स्वच्छ दिसत होता. फारच स्वच्छ. मला काय वाटलं कोण जाणे, मी ते बाजूला टाकलेलं कातडं उचललं आणि उलटून बघितलं. आतल्या बाजूला, पिवळ्या चरबीत, तो होता. उभा, तपकिरी, बोटभर रुंद. हिच्या सुरीने तो कातडीसकट सोलून निघाला होता आणि कातडीच्या आतल्या बाजूकडे कोण बघतो? हे फक्त आमच्याच धंद्यात घडू शकतं की एखादा अवयव सापडावा तर काढून टाकलेल्या वेष्टनाला चिकटलेला. मी सगळ्या वर्गाला बोलावलं. साठेक मुलं त्या टेबलाभोवती दाटीवाटीने उभी राहिली, मागची खुर्च्यांवर चढली. ज्या माणसाला आम्ही कितीतरी आठवडे रोज बघत होतो त्याच्याकडे हे होतं आणि त्यालाही ते माहीत नव्हतं. वादळाच्या डोळ्यांत पाणी होतं. मला वाटलं चूक झाली म्हणून. पुढे वर्षभराने तिने मला जिन्यात थांबवून सांगितलं, तसं नव्हतं मॅडम, ते फार सुंदर होतं.

“अर्धा तास लागेल मॅडम, आधी दोन पेशंट आहेत,” ती आत्ता म्हणाली. तिची नजर माझ्या चेहऱ्यावर इकडून तिकडे फिरत होती. ती नजर मला ओळखीची आहे. तोंडी परीक्षेत मुलं असंच बघतात. उत्तर हाडावर नसतं, मास्तरांच्या चेहऱ्यावर असतं, आणि भुवई जरा वर गेली की मुलं लगेच दुसऱ्या बाजूला उडी मारतात. मी माझा चेहरा बंद केला. तीस वर्षांचा सराव आहे. ती आत गेली आणि धाकटी माझ्याकडे वळली.

“ही तुझी विद्यार्थिनी?”

“हो.”

“आणि तुला काहीतरी कळलंय. मला खोटं सांगू नकोस ताई, तुझ्या नाकपुड्या बघ.”

मी तिला सांगितलं. साध्या शब्दांत, चरबीत लपलेला जास्तीचा स्नायू, एका फोटोत दिसतो, दुसऱ्यात नाही. ती ऐकत राहिली आणि तिचा चेहरा हळूहळू उजळत गेला. मला त्या उजळण्याची दहशत वाटली.

“अगं मग जा की आत! सांग तिला! इथे तोंड शिवून काय बसलीस?”

“मी सांगितलं तर ती तेच लिहील.”

“मग लिहू दे की!”

“तुला कळत नाहीये. मी स्टर्नॅलिस म्हटलं की तिला स्टर्नॅलिसच दिसेल. गाठ असली तरी. तिने माझ्यापुढे कधी ‘नाही मॅडम’ म्हटलेलं नाही, ती आज म्हणेल?”

धाकटी म्हणाली, “ताई, इथे मार्क कुणाला हवेत गं?” आणि तिचा आवाज फाटला. मला तिला मिठी मारावीशी वाटली, पण आमच्या घरात कुणी कुणाला मिठी मारत नाही. आम्ही एकमेकींच्या पिशव्या धरतो. मी तिची पिशवी मांडीवर घेतली. तिचं म्हणणं खोटं नव्हतं. मला जगायचं होतं, मला तर ओरडून सांगायचं होतं. पण तपासणारा हात माझा नव्हता आणि डोळाही माझा नव्हता. मला खरं उत्तर हवं असेल तर ते तिच्याकडूनच, तिचं म्हणून, यायला हवं होतं. माझं उत्तर तिच्या तोंडून ऐकून काय करणार होते मी? रात्री आरशासमोर उभी राहिले असते आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू. मूग गिळून बसणं हाच एक इलाज मला करता येत होता.

मी कपडे बदलायच्या खोलीत गेले. हातभर खोली, भिंतीला एक लांबट आरसा, खुंटीवर माझा शर्ट आणि पर्स. मी गाऊन उघडला आणि स्वतःकडे बघितलं. पन्नाशी ओलांडलेली बाई. मधल्या हाडाच्या दोन्ही बाजूंना सारखंच दिसतं. मी डाव्या बाजूला दोन बोटं ठेवली आणि दाबलं. काही लागेना. हाडाची कड, चरबी, खाली बरगडी. मी ह्या बोटांनी अंधारात सुद्धा कुठलीही शीर सांगते, मुलं पैजा लावतात. आणि माझ्याच छातीत मला काही कळेना. मेलेल्या माणसाचं अंग बोटांना उत्तर देतं, ते थंड आणि घट्ट असतं, त्याला लपवायचं काही नसतं. हे ऊबदार होतं, बोटाखाली सरकत होतं, श्वासाबरोबर वरखाली होत होतं. हे मला आवडलं नाही आणि मग फार आवडलं. मला एकेक छाती आठवायला लागली. पुस्तकात असतो तसा माणूस मला तीस वर्षांत एकदाही भेटलेला नाही. एका बाईला मोठ्या स्नायूचा खालचा निम्मा भाग जन्मापासून नव्हता आणि तिचे दंड चांगले पिळदार होते. तिने तो नसलेला भाग बहुधा आयुष्यभर वापरला असणार, म्हणजे त्याच्याऐवजी शेजाऱ्यांकडून काम करून घेतलं असणार. एकाला काखेतून पाठीपर्यंत जाणारी स्नायूची बारीक कमान होती, एखाद्या लहानशा पुलासारखी, आणि तिच्याखालून हाताच्या सगळ्या नसा निमूटपणे जात होत्या. एकाला एक बरगडी जास्त. आम्ही ह्याला फरक म्हणतो, वेगळेपण म्हणतो, आणि तळटिपेत टाकतो. पण खरं तर तळटीप हाच मजकूर आहे. प्रत्येक शरीर आपापल्या परीने, कुणाला न विचारता, आतल्या आत मांडामांड करून घेतं आणि ती मांडामांड चालते. त्यावर माणूस उभा राहतो, मुलं उचलतो, कपड्यांना इस्त्री करतो, भांडतो. मी बटणं न लावता आरशासमोर तशीच उभी राहिले. माझ्या आत काय मांडलंय? पन्नासहून जास्त वर्षं मी ह्या घरात राहतेय आणि ह्याच्या खोल्या मला माहीत नाहीत. मला हसू आलं, आणि भीती होती तिथेच होती. दोन्ही एकाच वेळी एका छातीत मावतात हे मला आजवर कुणी शिकवलं नव्हतं.

“मॅडम, येता?” दारावर टकटक झाली.

सोनोग्राफीची खोली अंधारी होती. मी पाठीवर झोपले, डावा हात डोक्यामागे. डॉक्टरने पडदा माझ्याकडे वळवला आणि मग तिला काय वाटलं कोण जाणे, पुन्हा थोडा स्वतःकडे फिरवला. मला निम्मा दिसत होता. “जेल गार लागेल हं,” ती म्हणाली. लागलं. तिचा हात मधल्या हाडाच्या कडेला आला आणि अतिशय सावकाश सरकू लागला. ही तीच मुलगी का, असं मला वाटून गेलं. पडद्यावर करडे थर आले. वर कातडी, मग चरबी, खाली छातीच्या मोठ्या स्नायूच्या आडव्या रेघा, त्याखाली बरगडीची काळी सावली. आणि चरबीत, रेघांच्या वर, एक काळसर लांबट गोल. तिचा हात थांबला. तिने गोलाच्या दोन्ही टोकांवर खुणा केल्या, मोजलं, टाइप केलं. गाठ अशीच दिसते. आडवा कापला तर स्नायूही असाच दिसतो. मला माझ्या कानात माझे ठोके ऐकू येत होते. आईला हे ऐकू आलं असेल का, मी तिला कधी विचारलं नाही, विचारावं असं त्या वयात सुचलंच नाही.

मग तिने मनगट फिरवलं. माझ्या छातीवरचं ते उपकरण जागच्या जागी काटकोनात वळलं. आणि पडद्यावरचा गोल लांबायला लागला. वर गळ्याकडे, खाली बरगड्यांकडे, पडद्याच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत, आणि त्याच्या पोटात बारीक पांढऱ्या रेघा उमटल्या, सगळ्या उभ्या, सगळ्या एका दिशेने. डॉक्टर पडद्याकडे बघत होती, माझ्याकडे नाही. तिने मुद्दाम माझ्याकडे बघायचं टाळलं हे माझ्या लक्षात आलं, आणि त्याचबरोबर हेही आलं की मघापासून तिच्याही तोंडात काहीतरी होतं. तीही बोलत नव्हती. मला खोटी आशा द्यायची नाही म्हणून, की माझ्यासमोर चुकायचं नाही म्हणून, ते तिचं तिला माहीत.

“मॅडम,” ती म्हणाली. आवाज कोरडा होता. “हात खाली घ्या. दोन्ही तळवे छातीसमोर एकमेकांवर टेकवा. मी सांगेन तेव्हा जोरात दाबायचे. दाबून धरायचे आणि सोडायचे.”

हे कुणी गाठीसाठी सांगत नाही. हे तिला तिचं सुचलं होतं. मी तिच्याकडून काही वदवून घेतलं नव्हतं, माझी भुवई हललेली नव्हती. माझे डोळे भरले आणि पडदा धूसर झाला, तेव्हा मला माझा स्वतःचाच राग आला आणि मी ते बाहीने खसाखसा पुसले.

“दाबा.”

मी दाबलं. खालचा मोठा स्नायू फुगून आला, त्याच्या रेघा आडव्या सरकल्या. वरचा तसाच होता. वरचा स्वस्थ होता. गाठ असती तर ती अशीच स्वस्थ बसली असती, खालच्याच्या धक्क्याने जरा हलून. “सोडा,” ती म्हणाली. आणि मग, “पुन्हा. जास्त जोरात. श्वास भरून घ्या.” मी छाती भरून श्वास घेतला आणि सगळं बळ एकवटून तळवे एकमेकांवर रेटले, इतके की खांदे थरथरले. पडद्यावर उभ्या रेघा एकदम ताणल्या गेल्या, आखडल्या, तो संपूर्ण पट्टा लांबीला आक्रसला आणि मधोमध जाड झाला. स्वतःहून. खालचा आडवा, हा उभा. आणि मी हात सोडले तसा तो सैलावला आणि पुन्हा लांब होऊन पडून राहिला.

डॉक्टरचा श्वास मला ऐकू आला. “मॅडम, तो...” ती म्हणाली. मग ती बोलू लागली, खात्रीसाठी आणखी एक स्कॅन करून घेऊ, सुई घालायची गरज नाही, तुमच्या कागदपत्रांत ठळक लिहून ठेवते म्हणजे पुढे कुठला सर्जन फसायला नको, आता उठा, कपडे करा, तुमच्या बहिणीला आत बोलावू का, त्या बाहेर दाराला कान लावून उभ्या असतील. ती घाईघाईने बोलत होती आणि हसत होती आणि जेल पुसायला कागद शोधत होती. ते सगळं मला ऐकू येत होतं आणि त्याचा अर्थही कळत होता. मी मरणार नव्हते, निदान ह्याने नाही. पण मी पडद्याकडे बघत होते. मी ज्यांच्या छातीत तो पाहिला ते सगळे निश्चल होते. तो तपकिरी असतो, ताठ असतो, चिमट्याने उचलावा लागतो. तो हलतो हे मी शिकवलं होतं, पाहिलं कधीच नव्हतं. माझ्या मनात आलं, मी हाक मारली आणि त्याने ओ दिली.

“मॅडम, झालं. पुसू का आता?”

“थांब,” मी म्हटलं. “पडदा माझ्याकडे कर. पूर्ण.”

तिने केला. मी तळवे पुन्हा एकमेकांवर टेकवले.

“बाहेर दुसरे पेशंट आहेत, मॅडम.”

“असू देत. धाकटीला आत बोलव,” मी म्हटलं, आणि दाबलं.